आशिया कप फायनल (दुबईचा नव्हे, हांगझोऊचा!): पेनल्टी कॉर्नरला नेमकं काय चालतं कोणी सांगेल का?

गुहागरची_सून

नमस्कार मंडळी. आधीच सांगून ठेवते, हॉकीतलं मला ओ की ठो कळत नाही, त्यामुळे हसू नका. रविवारी १४ सप्टेंबर २०२५ला बायकांच्या हॉकीच्या आशिया कपची फायनल होती, भारत-चीन, तीही चीनमध्येच, हांगझोऊला. आणि त्याच रात्री आठला दुबईत क्रिकेटच्या आशिया कपची भारत-पाकिस्तान मॅच. आता मी सकाळपासून घरात 'आज आशिया कपची फायनल आहे' म्हणतेय आणि सासरे मला समजावतायत की अगं फायनल नाही, अजून लीगच्या मॅचेस चालू आहेत, पेपरात वाच. दोघंही आपापल्या जागी बरोबर. शेवटी लेक ओरडली, आजोबा हॉकी, हॉकी! तेव्हा म्हणाले हां मग बघा, आठपर्यंत टीव्ही तुमचा.

मी चहाचं आधण ठेवून बाहेर येते तर आपला गोल झालेला. पहिल्याच मिनिटाला! नवनीत कौरचा. म्हटलं आज काही खरं नाही चीनचं. मग २१व्या मिनिटाला त्यांनी बरोबरी केली, हाफ टाइमला १-१. आणि मग आमच्याकडची लाईट गेली. पाऊस नव्हता, वारा नव्हता, पण आमच्याकडे लाईट जायला कारण लागत नाही. मोबाईलला रेंज फक्त विहिरीकडच्या फणसाखाली मिळते, तर मी, लेक आणि शेजारच्या काकू अशा तिघी तिथे उभ्या राहून बघत होतो, डास चावतायत, ते मधलं गोल गोल फिरतंय. फिरायचं थांबलं तेव्हा चीनचं २-१ झालं होतं, परत फिरलं, परत थांबलं तर एकदम ४-१. मधलं काही दिसलंच नाही हो. काकू म्हणाल्या बंद कर, तुझ्या फोनचाच पायगुण वाईट.

तर माझे प्रश्न असे की, मागच्या वर्षी बिहारात राजगीरला एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीत ह्याच चीनला आपण दोनदा हरवलं होतं ना, मग वर्षभरात एवढं काय झालं? दुसरं म्हणजे तो पेनल्टी कॉर्नर. सगळ्या खेळत असतात, मधेच शिट्टी वाजते, चारपाच जणी तोंडाला मास्क लावून गोलमध्ये जाऊन उभ्या राहतात, बाकीच्या पार पलीकडे पळतात, मग एक जण बॉल बाहेर ढकलते आणि सगळ्या पुन्हा आत धावतात. गोलसमोर आलेला बॉल आधी बाहेर का न्यायचा? आणि लेक विचारते तो कधी फळीवर आपटतो कधी वर जाळीत जातो, दोन्ही गोल कसे?

तिसरं लेकीबद्दल. सहावीत आहे, शाळेच्या कबड्डीत चढाई करते, पण आता डोक्यात हॉकी बसलीय. माडाच्या झावळीचा देठ बुडाशी कसा रुंद नि वाकडा असतो, तो तोडून घेतलाय आणि अंगणात दिवसभर रबरी बॉल बडवत असते, तुळशीच्या दोन कुंड्या फुटल्या. डावखुरी आहे. इथे जवळपास हॉकी शिकवणारं कोणी मला माहीत नाही. दीर म्हणतात गावात टर्फ झालंय की आता, तिथे ने. ते बॉक्स क्रिकेटचं टर्फ हॉकीला चालतं का?

–

देवगडचो_हापूस

गो बाय, फणसाखाली उभी रवान हॉकी बघलंस ह्याच माका खूप झाला. आमच्याकडे सगळे दुबयच्या मॅचीक चिकटलेले. माका एकच सांगा, हॉकीत तो बॉल दिसता कसो? माझ्या डोळ्यांका दिसाकच नाय, पोरी एकमेकींका मिठी मारूक लागले की कळता गोल झालो म्हणान.

–

पुण्यातला_चिपळूणकर

ताई, प्रश्न एकदम रास्त आहेत, हसण्यासारखं काही नाही. मला स्वतःला टोकियो ऑलिंपिकपर्यंत काही कळत नव्हतं. २ ऑगस्ट २०२१, सकाळची वेळ, ऑस्ट्रेलियाशी क्वार्टर फायनल, वर्क फ्रॉम होम चालू, मीटिंग म्यूट करून बघत होतो. गुरजीत कौरने पेनल्टी कॉर्नरवर एक गोल मारला आणि मग उरलेली मॅच ऑस्ट्रेलियाला पेनल्टी कॉर्नरवर पेनल्टी कॉर्नर आणि समोर आपली गोलकीपर सविता, एक आत जाऊ दिला नाही तिने. १-० ने जिंकलो. तेव्हा मला कळलं की ह्या खेळात बाकी सगळी धावाधाव कशासाठी तर हा पेनल्टी कॉर्नर मिळवायला नाहीतर तो न द्यायला. थोडं वाढवून सांगतोय पण फार नाही.

तर तुमचा मुख्य प्रश्न. गोलसमोर जो अर्धगोल आखलेला असतो ना, त्याला डी म्हणतात, साधारण साडेचौदा मीटरचा. गोल करायचा तर बॉल ह्या डीच्या आतून आपल्या स्टिकने मारलेला असावा लागतो, मैदानाच्या मध्यावरून थेट हाणला आणि गेला आत तर गोल नाही. म्हणून बचाव करणारीचं पहिलं काम म्हणजे समोरचीला डीच्या आत नीट उभंच राहू द्यायचं नाही. ह्या झटापटीत तिच्या पायाला बॉल लागला (गोलकीपर सोडून कोणाचाही पाय चालत नाही), किंवा तिने स्टिकवर स्टिक मारली, की शिट्टी, पेनल्टी कॉर्नर. डीच्या बाहेर पण २३ मीटरच्या रेषेच्या आत मुद्दाम फाऊल केला तरी मिळतो. नीट बघाल तर आपल्या मुली कधी कधी गोल मारायचा प्रयत्नच करत नाहीत, बॉल थेट समोरचीच्या पायावर ढकलतात. लबाडी नाही, तो खेळच आहे.

मिळाल्यावर काय? बचावाला गोलकीपर धरून फक्त पाच जणी गोलरेषेमागे, बाकीच्या सहा मधल्या रेषेपलीकडे, म्हणून त्या पळताना दिसतात तुम्हाला. एक जण गोलखांबापासून दहा मीटरवर रेषेवर बॉल ठेवून आत ढकलते. आणि हा बॉल डीच्या बाहेर गेल्याशिवाय गोल मारता येत नाही, हा नियम आहे, म्हणून बाहेर न्यायचा. विचार करा ना, नसता नियम तर गोलसमोर उभं राहून नुसता टुक करून आत घातला असता, मग त्यात काय मजा. तो बाहेर जातो तेवढ्या सेकंदभरात गोलमधल्या चौघी अंगावर धावून येतात, आणि समोरून जो बॉल येणार तो दगडासारखा टणक, दीडशे ग्रॅमच्या वर, म्हणून मास्क, ग्लोव्ह्ज, गुडघ्याला पॅड.

लेकीचा प्रश्न तर फारच चांगला आहे, तिला सांगा की गोलमध्ये खाली जी फळी असते ती ४६० मिलिमीटर उंच, म्हणजे दीड फूट धरा. पेनल्टी कॉर्नरवर पहिला फटका जर जोरात 'हिट' मारला तर तो ह्या फळीच्या उंचीच्या आतच असायला हवा, वर गेला तर गोल नाही. पण ड्रॅग फ्लिकला ही अट नाही. ड्रॅग फ्लिक म्हणजे मारायचा नाही, स्टिकच्या बाकात बॉल घेऊन लांब ढांग टाकत ओढत आणायचा आणि गोफणीसारखा सोडायचा, तो कुठेही जाऊ शकतो, वरच्या कोपऱ्यात सुद्धा. म्हणून ज्या टीमकडे चांगली ड्रॅग फ्लिकर तिचं अर्धं काम झालेलं असतं.

आणि इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. राजगीरला कोण होती? दीपिका. त्या एका स्पर्धेत ११ गोल तिचे. फायनलचा तो एकमेव गोल, ३१व्या मिनिटाचा, तोही तिचा आणि पेनल्टी कॉर्नरवरचाच. हांगझोऊला दीपिका दुखापतीमुळे नव्हती. सविताही नव्हती, तीही दुखापतीनेच. म्हणजे गोल करणारी एक नाही आणि अडवणारी एक नाही. ऑफिसात अकाउंटवाला आणि शिपाई दोघं एकाच दिवशी रजेवर गेल्यासारखं, बाकी सगळे हजर असून काम पुढे सरकत नाही.

–

घाटपायथा

सगळं ठीक आहे पण खरं कारण बोला ना, आपल्याकडे क्रिकेटपुढे कोणाला काही पडलेलीच नाही. चीनमध्ये पोरींना सहाव्या वर्षापासून ट्रेनिंग देतात, आपण काय देतो? दीपिका असती तरी हरलोच असतो. चीनशी आपण कधीच जिंकू शकत नाही हे मान्य करा.

–

पुण्यातला_चिपळूणकर

@घाटपायथा दादा, 'कधीच' कसं म्हणता? राजगीरला नोव्हेंबर २०२४ मध्ये लीगला ३-० आणि फायनलला १-०, हाच चीन. आणि तोही तीन महिन्यांपूर्वी पॅरिस ऑलिंपिकचं रौप्य घेऊन आलेला, फायनलला नेदरलँड्सशी शूटआउटपर्यंत गेला होता. त्या चीनला घडवणारी कोच ॲलिसन ॲनन, मूळची ऑस्ट्रेलियाची, तिने आधी टोकियोला नेदरलँड्सला सुवर्ण मिळवून दिलं होतं. म्हणजे समोरचा लेचापेचा नव्हता. क्रिकेटला शिव्या घालणं सोपं असतं हो, त्याने ड्रॅग फ्लिक सुधारत नाही.

एक मान्य करतो, ह्या वेळी चीन खरंच वरचढ होता. फायनलच्या आधी सुपर फोरला (शेवटच्या चार टीमची फेरी) पण ४-१ नेच हरवलं होतं त्यांनी आपल्याला. आणि फायनलमध्ये तुम्ही फणसाखाली असताना जे झालं ते असं ताई, ४१व्या मिनिटाला दुसरा, आणि मग ५१ आणि ५३ला दोन गोल लागोपाठ. पन्नास मिनिटं मॅच हातात होती, शेवटच्या दहा मिनिटांत सुटली. पंधरा पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर असतात, चौथ्यात पाय जड झाले की बॉलपर्यंत अर्धं पाऊल उशिरा पोचतं माणूस आणि तेवढं पुरतं. त्यात हे दुखणं जास्त लागणारं, कारण आशिया कप जिंकणारा थेट पुढच्या वर्षीच्या वर्ल्ड कपला जातो, ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियमला आहे. चीन गेला. आपल्याला आता क्वालिफायर खेळून जावं लागणार. आणि क्वालिफायर म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, जानेवारी २०२४ला रांचीत घरच्या मैदानावर जपानकडून १-० ने हरून पॅरिसचं तिकीट घालवलेलं आठवतं.

@देवगडचो_हापूस तात्या, बॉल बघायचाच नाही! पोरींचे खांदे बघायचे. सगळ्यांचे खांदे ज्या बाजूला वळतात तिकडे बॉल असतो. चार मॅच बघा, जमेल.

–

निवृत्त_रेल्वेवाला

वरील चर्चा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी मूळ मालवण तालुक्यातला, नोकरी मुंबईत रेल्वेत झाली. १९८२ साली दिल्लीला एशियाड झाले तेव्हा आम्ही परळला चाळीत राहत होतो आणि मजल्यावर एकच टीव्ही होता, तोही ब्लॅक अँड व्हाईट, रंगीत नुकते येत होते. पुरुषांच्या हॉकीची फायनल पाकिस्तानबरोबर होती, आपण सात-एक हरलो. त्या रात्री चाळीत कोणी जेवले नाही असे म्हटले तरी चालेल. आजही माझ्या वयाच्या कोणालाही विचारा एशियाड ८२ हॉकी, तो पटकन म्हणेल सात-एक.

पण त्याच एशियाडमध्ये बायकांची हॉकी पहिल्यांदा आली होती आणि आपल्या मुलींनी सुवर्ण जिंकले होते. कॅप्टन एलिझा नेल्सन, आपल्या पुण्याची. पुढल्या वर्षी तिला पद्मश्री मिळाली. हे कोणाला आठवत नाही. मलाही तेव्हा काही वाटले नव्हते, खोटे कशाला बोलू, पेपरात फोटो बघितला आणि पान उलटले. त्या काळी बायकांच्या हॉकीत रेल्वेच्या टीमचा दबदबा होता, आमच्या ऑफिसात कधी कधी त्या मुली सहीला यायच्या, खांद्यावर स्टिक, आणि आम्ही आपापसात म्हणायचो ह्यांची बरी मजा आहे, खेळायचा पगार. आता लाज वाटते.

त्याआधी १९८० ला मॉस्को ऑलिंपिकला बायकांची हॉकी पहिल्यांदा खेळवली गेली, त्यात आपण चौथे आलो होतो, सुवर्ण झिम्बाब्वेने नेले. त्यामुळे घाटपायथा यांनी 'आपण काय देतो' विचारले आहे त्यावर इतकेच सांगतो की आमच्या पिढीने तर बघण्याचे कष्टही दिले नाहीत. सूनबाई फणसाखाली उभी राहून बघते हे पुष्कळ आहे.

–

गुहागरची_सून

काका, तुमचं वाचून सासऱ्यांना दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले सात-एक मला पण आठवतंय, हे दुसरं नाही आठवत. एवढंच.

चिपळूणकर दादा, आता कळलं हो सगळं! लेकीला फळीचं सांगितलं तर तिने पडवीच्या भिंतीवर कोळशाने दीड फुटावर रेघ मारलीय. भिंत गणपतीच्या आधीच रंगवली होती. असो.

–

जुनी_गोलकीपर

हा धागा बघून मला लिहावंच लागेल, कारण मी कोकणातली ती दुर्मिळ बाई आहे जी शाळेत हॉकी खेळलीय. म्हणजे, खेळलीय म्हणायचं.

राजापूरकडची आमची शाळा. नववीत असताना आमच्या सरांनी खो-खोच्या टीममधल्या आणि इतर धरून पकडून अकरा मुली जमवल्या, नेहरू हॉकीला, म्हणजे शाळांच्या हॉकी स्पर्धेला, नाव द्यायला. स्टिका सहा होत्या, मैदान म्हणजे कातळ, वर थोडी तांबडी माती. त्याच्यावर बॉल जमिनीवरून जातच नाही, उडतो, कोणाच्या नडगीवर कोणाच्या कपाळावर. मी जाडी म्हणून मला गोलकीपर केलं. किट नव्हतं, सरांच्या मुलाचे क्रिकेटचे पॅड आणि डोक्याला सरांच्या मोटारसायकलचं हेल्मेट, काच वर करून. हसा हसा.

जिल्ह्याला दुसरी टीम आलीच नाही. एकही मॅच न खेळता आम्ही जिल्हा चॅम्पियन! सर्टिफिकेट आहे अजून आईकडे, लॅमिनेट करून. मग विभागाला कोल्हापूरला गेलो, आपली रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि सातारा-सांगली-कोल्हापूर असा एकच विभाग, आणि ड्रॉमध्ये समोर सातारा. तिथे मी पहिल्यांदा आयुष्यात हॉकीचं खरं टर्फ बघितलं. त्याच्यावर मॅचच्या आधी पाणी मारतात, आम्हाला वाटलं पाऊस पडून गेला. पंच माझं हेल्मेट बघून म्हणाले, ह्याने खेळता येणार नाही. झालं, आता घरी. तर साताऱ्याच्या मुलींनी त्यांच्या जास्तीच्या गोलकीपरचं किट आणून दिलं मला. त्यांच्यातली एक गुडघ्यावर बसून माझ्या पॅडचे पट्टे बांधत होती, मला कुठला पट्टा कुठे जातो तेच कळत नव्हतं. बांधून झाल्यावर पॅडवर थापटी मारून म्हणाली, घाबरू नको, बॉल अंगावर घे, लागत नाय. आणि मग त्याच मुलीने मला चार गोल मारले. एकूण नऊ.

पेनल्टी कॉर्नरचं वरती छान लिहिलंय पण गोलमधून तो कसा दिसतो ते सांगते. दिसत नाही. तुमच्याच चार मुली तुमच्यासमोरून पळत जातात, त्यांच्या पाठी दिसतात फक्त, आणि मग एकदम पाठीमागे फळीवर धाड् असा आवाज येतो. आधी आवाज, मग कळतं गोल झाला. नऊपैकी पाच मी फक्त ऐकलेत.

म्हणून ह्या आशिया कपात आपण थायलंडला ११-० आणि सिंगापूरला १२-० हरवलं ना तेव्हा सगळे इथे टाळ्या वाजवत होते आणि मी त्या समोरच्या गोलकीपरकडेच बघत होते. गोल झाल्यावर ती बॉल बाहेर काढायला वळते ना, ते वळणं मला माहितीये.

आता साताऱ्याचं. तेव्हा मला वाटायचं घाटावरच्या पोरी दूधभाकरी खाऊन दांडग्या असतील म्हणून जिंकतात. पण बघा, कोरियाला सुपर फोरला आपण ४-२ हरवलं त्यात दोन गोल कोणाचे? वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ. दोघीही फलटण तालुक्यातल्या. त्याआधी भारताच्या ज्युनिअर टीमकडून वर्ल्ड कप खेळलेली अक्षता ढेकळे, तीही फलटणचीच. एका तालुक्यातनं तीन! शेतकरी घरातल्या पोरी. जपानशी २-२ झाली त्यातला पहिला गोल पण ऋतुजाचाच. फलटण काही महानगर नाही हो, आपल्या चिपळूणपेक्षा फार मोठं नसेल. फरक एवढाच की तिथे कोणीतरी रोज सकाळी मैदानावर उभं राहिलं आणि आमच्या सरांची पुढच्या वर्षी बदली झाली.

–

घाटपायथा

बरं, 'कधीच' मागे घेतो. नऊ गोल वाचून वाईट वाटलं ताई.

–

जुनी_गोलकीपर

वाईट नका वाटून घेऊ, मी ते गर्वाने सांगते सगळीकडे. थायलंडपेक्षा दोन कमी.

–

शिट्टीवाले_सर

उशिरा आलो, शाळेत चाचण्या चालू आहेत. मी पीटीचा शिक्षक, खेड-मंडणगड पट्ट्यात. राजगीरचा विषय निघाला म्हणून आधी माझं रडगाणं ऐका. ती फायनल झाली २० नोव्हेंबर २०२४ ला, आणि त्या दिवशी महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान. मी बूथवर. फोन बंद करून पिशवीत. संध्याकाळी फायनल चालू होती तेव्हा माझ्यासमोर रांगेत शेवटच्या आठ-दहा आज्या होत्या आणि मी शाई लावत होतो. मशीन सील करून, गाडीत बसून, सगळं जमा करून फोन चालू केला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, बघतो तर १-०. गाडीत बाकी सगळे झोपलेले. मी एकटाच 'हो!' करून ओरडलो तर ड्रायव्हरने ब्रेक मारला.

आता ताई तुमच्या मुलीचं. मुद्द्याचं सांगतो.

डावखुरी आहे ह्याची काळजी सोडा. हॉकीत डाव्या हाताची स्टिक असा प्रकारच नसतो. स्टिकची एक बाजू सपाट, एक गोल, आणि बॉल सपाट बाजूनेच खेळायचा, आणि सगळ्या स्टिका एकाच पद्धतीच्या. पण धरताना डावा हात वर असतो आणि उजवा खाली. स्टिक पालथी करायची, फिरवायची, ते सगळं काम वरचा हात करतो, म्हणजे डावा. उजव्या हाताची मुलं महिनाभर उजव्याने जोर लावून चुकतात, ही पहिल्या दिवसापासून डाव्याने फिरवेल. माझ्याकडच्या दोन चांगल्या मुली डावखुऱ्या आहेत.

पण ती झावळी आता सोडायला लावा. वाईट नाही, मी पण लहानपणी त्यानेच क्रिकेट खेळलोय, पण त्याला दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे मूल कुठल्याही बाजूने मारायला शिकतं आणि ती सवय मोडता मोडत नाही. साधी लाकडी स्टिक घ्या, फार महाग नको, उभी धरली की तिच्या कमरेच्या हाडापर्यंत यावी, त्याहून लांब नको, वाढेल म्हणून मोठी घेऊ नका, ती काय शाळेचा युनिफॉर्म नाही. नडगीचे पॅड आणि दातांचा गार्ड, हे दोन घेतल्याशिवाय खरा बॉल हातात द्यायचा नाही. तोवर टेनिस बॉल.

टर्फबद्दल दिरांचं निम्मं बरोबर. बॉक्स क्रिकेटच्या टर्फला गवत लांब असतं आणि आत वाळू-रबर घातलेलं असतं, बॉल अडखळतो, खरी हॉकी होत नाही. हॉकीचं टर्फ आखूड, घट्ट, पाणी मारून निसरडं केलेलं, बॉल त्याच्यावर सुसाट जातो. पण शिकायला कातळापेक्षा बॉक्स टर्फ कधीही चांगलं, बॉल निदान कपाळावर येत नाही (गोलकीपर ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं). दुपारी ती टर्फ रिकामीच असतात, मालकाला विचारा, दोन-चार मुली असतील तर तासाचे कमी पैसे घेतो, आमच्याकडचा घेतो. आणि सगळ्यात चांगली जागा सांगू? शाळेचा सिमेंटचा बास्केटबॉल कोर्ट किंवा सभागृहाची फरशी. गुळगुळीत पाहिजे, बास. आमच्या मुली पावसाचे चार महिने बाजारपेठेतल्या एका हॉलमध्ये, लग्नं नसतील त्या दिवशी, पाच पाच जणी खेळतात. खुर्च्या रचून गोल.

मुलीला आत्ता मारायला शिकवू नका, थांबवायला शिकवा. भिंतीवर ढकलायचा, परत येईल तो स्टिकने मेल्यासारखा थांबवायचा, आवाज न करता. रोज शंभर वेळा. गुडघे वाकवून, पाठ नाही. कबड्डी खेळते म्हणालात ना, मग खाली वाकून बाजूला सरकणं तिला येतंच, अर्धी हॉकी तीच आहे. कबड्डी सोडू देऊ नका.

आणि एक-दोन वर्षांत खरंच जीव लागला असं वाटलं तर पुण्याला बालेवाडीला क्रीडा प्रबोधिनी आहे, निवासी, त्यांच्या चाचण्या होतात, त्याची माहिती शाळेत येते. येते म्हणजे यायला हवी, आमच्याकडे एक वर्षी कागद आला तेव्हा चाचणी होऊन आठ दिवस झाले होते. म्हणून शाळेच्या भरवशावर राहू नका, जूनपासून स्वतः विचारत राहा.

–

गुहागरची_सून

सर, शब्द सुचत नाहीयेत, खूप आभार. सगळं वहीत लिहून घेतलं. काल चिपळूणला गेलो होतो, स्टिक मिळाली, दुकानदाराने धूळ पुसून दिली, म्हणाला गणपतीत कोणी मारामारीला पण घेऊन गेलं नाही यंदा. दातांचा गार्ड मात्र मेडिकलमध्ये विचारला तर त्याने लहान बाळाचं दात येतानाचं चावणं दाखवलं मला.

आज सकाळी भिंतीवर साठ झाले, शंभर नाही झाले. सासरे ओट्यावर बसून मोजत होते. त्रेचाळीसला त्यांनी मुद्दाम एक गिळला आणि ती लगेच म्हणाली, आजोबा, चव्वेचाळीस!

दातांचा गार्ड कुठे मिळेल तेवढं फक्त सांगा.

–

जुनी_गोलकीपर

स्पोर्ट्सच्या दुकानात 'माउथगार्ड' म्हणून मागा, बॉक्सिंगवाले वापरतात तोच. गरम पाण्यात बुडवून मऊ करायचा आणि दातांवर दाबून बसवायचा, पाणी उकळतं नको नाहीतर त्याचा गोळा होतो. चिपळूणला नसेल तर कोल्हापूरला नक्की मिळेल, माझी बहीण पुढच्या आठवड्यात तिकडून येतेय, तिला आणायला सांगू का? मुलीचं वय आणि पुढचे दात पडून आलेत का तेवढं कळवा.

–

देवगडचो_हापूस

खांदे बघून बघलंय गो. काल मोबायलवर जुनी मॅच लावलंय. बॉल दिसलो! तीनदा.